पोस्टजीआयएसमधील एसटी_स्केल : हिशेब चोख, पण आरंभबिंदू सांभाळा

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसला भौगोलिक माहिती हाताळण्याची क्षमता देणाऱ्या पोस्टजीआयएसमध्ये एसटी_स्केल हे एक छोटे फंक्शन आहे. आकृतीच्या प्रत्येक सहनिर्देशकाला दिलेल्या गुणकाने गुणणे एवढेच त्याचे काम असून ते काम ते अत्यंत चोख करते. मिलिमीटरमध्ये काढलेला कॅडचा (संगणकावरील रेखाटनाचा) आराखडा मीटरमध्ये आणायचा असेल, तर 0.001 हा गुणक पुरतो. झेड अक्षाला, म्हणजे उंचीला, वेगळा गुणक देता येत असल्यामुळे भूप्रदेशाचा उठाव ठळक करून पाहणेही सोपे जाते.

मात्र नवख्या वापरकर्त्याचा गोंधळ होतो तो आरंभबिंदूपाशी. हे फंक्शन मुळात (0, 0) हा बिंदू स्थिर धरते. त्यामुळे (4, 4) ते (6, 6) असा चौरस दुप्पट केला, की तो (8, 8) ते (12, 12) येथे जाऊन बसतो. म्हणजे आकार वाढतो आणि जागाही बदलते. एकके बदलताना नेमके हेच अपेक्षित असते, पण नकाशावरील इमारत आहे त्याच जागी मोठी करून दाखवायची असेल, तर असे उत्तर निरुपयोगी ठरते. आवृत्ती 2.5 पासून स्थिर बिंदू स्वतः देण्याची सोय झाली आणि (5, 5) दिल्यास तोच चौरस (3, 3) ते (7, 7) असा जागच्या जागी वाढतो. माझ्या मते या फंक्शनमधली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. पायथनच्या शेपली ग्रंथालयात मात्र आकृतीच्या चौकटीचा मध्य हाच आपोआप धरला जाणारा स्थिर बिंदू असल्याने, दोन्ही साधने वापरणाऱ्याने एकाच गुणकाकडून एकाच उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. सहनिर्देशक बदलले तरी आकृतीचा एसआरआयडी, म्हणजे ती कोणत्या सहनिर्देशक पद्धतीत आहे हे सांगणारा क्रमांक, तसाच राहतो. मीटरचे फूट झाल्यावरही डेटाबेस त्या आकड्यांना मीटरच समजतो, आणि पुढचे अंतर किंवा क्षेत्रफळ कोणतीही सूचना न देता चुकते. योग्य एसआरआयडी एसटी_सेटएसआरआयडीने आपणच लावावा लागतो. गुणकही पारखून घ्यावा, कारण आंतरराष्ट्रीय फूट नेमका 0.3048 मीटरचा, तर अमेरिकी सर्व्हे फूट 1200/3937 मीटरचा आहे. हा फरक दशलक्षात केवळ दोन भागांचा असला, तरी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणातील 5,00,000 मीटरच्या पूर्व सहनिर्देशकावर तो सुमारे 1 मीटर होतो, आणि जमिनीच्या मोजणीत 1 मीटर ही किरकोळ बाब नव्हे.

अक्षांश-रेखांशांच्या अंशांतील माहितीसाठी हे फंक्शन मी सुचवणार नाही. रेखांशाच्या एका अंशाची लांबी 60 अक्षांशावर विषुववृत्तावरील लांबीच्या जवळपास निम्मी होते, त्यामुळे कोणताही एकच गुणक सगळीकडे लागू पडत नाही. तेथे एसटी_ट्रान्सफॉर्म या सहनिर्देशक पद्धत बदलणाऱ्या फंक्शनने योग्य प्रक्षेपणात जाणे हाच मार्ग आहे.