पैसे काढायला आधी टॅक्स भरा म्हणाले आणि मी भरला

देवगड तालुक्यातला आहे, हापूसची थोडी कलमं आहेत. रमीचा नाद तीन वर्षं होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "अक्कल गहाण ठेवलेलीस काय" विचारायचे कष्ट वाचतील. वाशी मार्केटातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, आले की फवारणीच्या औषधांची उधारी राहायची बाजूला, दोन-चार हजार आधी अ‍ॅपमध्ये जायचे.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि अ‍ॅपवरचे पैशाचे डाव बंद. आई म्हणाली, बरा झाला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाच दिवसांनी चतुर्थी, आणि आमच्याकडे भजन आटपलं की रात्रभर पत्ते असतात, हात शिवशिवायला लागले. मुंबईहून आलेल्या एका भाऊबंदाने टेलिग्रामची लिंक दिली, तो पण त्यात अडकलेला हे नंतर कळलं.

तिथे अ‍ॅप नाही, 'आयडी' देतात, म्हणजे त्यांच्या साइटवर खेळायचं लॉगिन. व्हॉट्सअ‍ॅपवर एक भाई दर वेळी वेगळा क्यूआर पाठवायचा, कधी त्यावर किराणा दुकानाचं नाव, कधी कुणा बाईचं. तिथेच थांबायला हवं होतं, पण दोन दिवसात 6,000 जिंकलो आणि ते खरंच खात्यात आले ना! मग स्क्रीनवर 1,84,000 दिसायला लागले, काढायला गेलो तर "सर, आधी 30 टक्के टीडीएस भरा, मग सगळी रक्कम सोडतो". यात 30 टक्के हा आकडा खरा आहे, ऑनलाइन गेमच्या जिंकलेल्या पैशावर तेवढाच कापतात, म्हणून तर फसलो. पण तो कापून घेतात, वेगळा भरायला सांगत नाहीत. बायकोची पाटली गहाण टाकून 55,200 भरले. मग प्रोसेसिंग फी म्हणून 12,000. मग नंबर बंद.

वर पंधरा दिवसांनी माझंच खातं फ्रीझ. ते 6,000 दुसऱ्या कुणा फसलेल्याच्या खात्यातून आलेले, त्याने तिकडे परराज्यात तक्रार केलेली.

काका म्हणतात सरकारचीच चूक, 28 टक्के जीएसटी घेत होते तेव्हा चालत होतं, आणि शेजारी गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत. मला पण हे पटतं, पण क्यूआर स्कॅन करणारं बोट सरकारचं नव्हतं. कायद्याने अ‍ॅप बंद केलं, माझी खाज माझ्याकडेच राहिली, आणि या भाईंना नेमकी तीच हवी असते. नाद सुटत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मी बऱ्याच उशिरा लावला.

तक्रार मी आधी केलीच नव्हती, जुगार खेळलोय तर मलाच आत टाकतील म्हणून. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवता येऊ शकतात. मी अठराव्या दिवशी केला. बायको एवढंच म्हणाली, "आधी माका सांगाक काय झालेला तुका?"

आणि चॅट डिलीट करू नका. तिला दिसू नयेत म्हणून मी सगळे क्यूआर, सगळे मेसेज उडवून टाकलेले, पोलिसांनी पहिलं तेच मागितलं.