वाळक्या पानांसाठी क्वेचर्स किट: अर्क फिकट हिरवा राहू द्या

गवती चहा, तुळस, पुदिना, अडुळसा, शेवग्याचा पाला. मशीद बंदरच्या गोदामांतून अशा वाळक्या पानांच्या गोण्या हर्बल चहाच्या पाकिटांत जातात आणि त्यांचे नमुने महापे, रबाळे, तुर्भे इथल्या लॅबमध्ये बुरशीनाशकांच्या अवशेषांसाठी येतात. बहुतेक ठिकाणी हे काम क्वेचर्सच्या, म्हणजे ॲसिटोनायट्राइल या द्रावकाने आणि मिठाने अवशेष पानातून बाहेर काढण्याच्या पद्धतीच्या, तयार किटवर चालतं. किटचे दोन भाग असतात. पहिला मिठाच्या पाकिटांचा, म्हणजे अर्क काढण्याचा. दुसरा लहान नळ्यांचा, अर्क साफ करण्याचा. दोन्ही बहुधा एकाच ऑर्डरमध्ये येतात, पण त्यांची गुणवत्ता एकाच मापाने मोजता येत नाही. पाकिटं उत्तम आहेत, डोळे झाकून घ्यावीत. नळ्या मात्र, विशेषतः ‘गडद रंगाच्या नमुन्यांसाठी’ असं लिहिलेल्या काळ्या पावडरीच्या, हिरव्या पानांना सरसकट लावू नयेत.

कारण साधं आणि गंभीर आहे. आपल्याकडे १२ टक्के कार्बेन्डाझिम आणि ६३ टक्के मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं आणि भाजीपाल्यावर भरपूर फवारलं जातं. शेजारच्या रानातून ते तुळशीवर किंवा पुदिन्यावर उडूनही येऊ शकतं. काळ्या पावडरीची नळी यातलं कार्बेन्डाझिम धरून ठेवते आणि मॅन्कोझेब या पद्धतीने अर्कात उतरतच नाही. म्हणजे एकाच फवारणीतली दोन्ही औषधं निसटतात आणि अहवालावर ‘आढळले नाही’ असं छापून येतं.

आधी पाकिटांबद्दल. क्वेचर्स पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली आणि तिची दोन अधिकृत रूपं बाजारात आहेत. एकात ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार), दुसऱ्यात सायट्रेट. वाळक्या पानांसाठी आम्ही सायट्रेटचं, म्हणजे युरोपच्या ईएन १५६६२ या मानकाचं पाकीट सुचवतो. त्यात ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम साधं मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि अर्धा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं. अर्काचा पीएच ५ ते ५.५ च्या आसपास राहतो आणि आम्लात किंवा अल्कलीत तुटणारी बरीचशी औषधं त्यात तग धरतात. ॲसिटेटच्या पाकिटातला अर्क साफ करायला पीएसए ही साफसफाईची पावडर जरा कमी पडते, कारण अर्कातलं ॲसिटिक ॲसिडच पीएसएच्या जागा अडवतं. पानांत आधीच इतका कचरा असतो की ही उणीव परवडत नाही.

पाकिटं चांगली असली तरी नमुना नीट तयार केला नाही तर सगळं वाया. निदान २०० ग्रॅम पानं घ्यावीत. गवती चहा तसाच मिक्सरमध्ये टाकला तर धागे पात्याभोवती गुंडाळतात आणि भांडं तापतं, म्हणून आधी कात्रीने सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे, फ्रीजरमध्ये गोठवायचे, मग कोरड्या बर्फाबरोबर दळायचे. पावडर एक मिलिमीटरच्या चाळणीतून गेली पाहिजे. वर राहिलेले देठ टाकून देऊ नयेत, पुन्हा दळावेत. देठ आणि पान यांत अवशेष सारखे नसतात, त्यामुळे देठ फेकले की आकडा बदलतो.

पुढचं प्रमाण: ५० मिलिलिटरच्या नळीत २ ग्रॅम पावडर, त्यावर १० मिलिलिटर गार पाणी, नीट ढवळून अर्धा तास तसंच ठेवायचं. हा अर्धा तास घाईत कापला जातो आणि तिथेच रिकव्हरी, म्हणजे असलेल्या औषधापैकी परत सापडणारा हिस्सा, पडते. कोरड्या पेशींत ॲसिटोनायट्राइल शिरत नाही, पाण्याने पान फुगल्यावर शिरतं. मग १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल आणि इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचा ओळखीचा पदार्थ) घालून यंत्रावर दहा मिनिटं हलवायचं. पाकीट ओतल्याबरोबर, त्याच क्षणी, झाकण लावून हाताने जोरात एक मिनिट हलवायचं. सहा नळ्यांत मीठ ओतून मग पहिलीकडे वळलात तर तळाशी मॅग्नेशियम सल्फेटचा दगड झालेला असतो आणि तो पुढे फुटत नाही. हे मीठ पाणी शोषताना चांगलंच तापतं, म्हणून पाणी गार घ्यायचं आणि नळ्या बर्फात ठेवायच्या. शेवटी ३००० जी किंवा त्याहून जास्त वेगावर पाच मिनिटं सेंट्रीफ्यूज. वर गडद हिरवा थर येतो, तोच आपला अर्क.

आता नळ्या. खरा निर्णय इथे आहे.

साफसफाईच्या नळीत तीन पावडरी असू शकतात. पीएसए साखर, सेंद्रिय आम्लं आणि स्निग्धाम्लं धरतं. सी-१८ मेण आणि तेलकट अंश धरतं. जीसीबी, म्हणजे ग्राफाइटसारखा काळा कार्बन, हरितद्रव्य धरतो. पण कार्बन रंग ओळखत नाही, सपाट रेणू ओळखतो. कार्बेन्डाझिम आणि थायबेन्डाझोल हे दोघेही सपाट आहेत, त्यामुळे हरितद्रव्याबरोबर तेही चिकटतात. टेब्युकोनाझोल, हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल तसे सपाट नाहीत, त्यांचं फारसं बिघडत नाही.

बाजारातल्या नळ्यांमधल्या जीसीबीच्या प्रमाणात केवढा फरक आहे पाहा. सायट्रेट पद्धतीत एक मिलिलिटर अर्काला साध्या रंगासाठी २.५ मिलिग्रॅम आणि गडद रंगासाठी ७.५ मिलिग्रॅम जीसीबी लागतं. ॲसिटेट पद्धतीच्या ‘गडद’ नळीत तेच ५० मिलिग्रॅम असतं. माहितीपत्रकावर या दुसऱ्या नळीचा अर्क पाण्यासारखा नितळ दिसतो आणि खरेदी करणाऱ्याला तोच आवडतो. बुरशीनाशकं शोधणाऱ्या माणसाला तो नितळपणा पाहून काळजी वाटली पाहिजे. नियम असा: साफ केलेल्या अर्कात थोडी हिरवी छटा शिल्लक असेल तर कार्बन हरितद्रव्यानेच भरलेला आहे आणि सपाट औषधांचं नुकसान नगण्य आहे. छटा पूर्ण गेली की कार्बनवर रिकाम्या जागा उरल्या, आणि त्या कार्बेन्डाझिमने भरल्या असण्याची शक्यता धरावी.

पानांसाठी एक मिलिलिटर अर्काला १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ५० मिलिग्रॅम पीएसए आणि ५० मिलिग्रॅम सी-१८ अशी जीसीबी नसलेली नळी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. गोण्यांतल्या जुन्या, काळपट पुदिन्याला फार तर २.५ मिलिग्रॅमची. पीएसएमुळे अर्काचा पीएच चढतो आणि क्लोरोथॅलोनिल, कॅप्टन, फोल्पेट तुटू लागतात. म्हणून सेंट्रीफ्यूजमधून काढल्यावर लगेच दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर ५ टक्के फॉर्मिक ॲसिड घालायचं. किटमध्ये ही बाटली येत नाही, वेगळी करून ठेवावी लागते.

कोणत्याही कंपनीची नळी घेण्याआधी सॅम्पल पॅक मागा आणि ही छोटी चाचणी करा. सेंद्रिय, अवशेषमुक्त पानांच्या २ ग्रॅम पावडरीवर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं मिश्र स्टँडर्ड १०० मायक्रोलिटर टाका. ही पातळी ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो होते. मिश्रणात कार्बेन्डाझिम, थायबेन्डाझोल आणि टेब्युकोनाझोल हवेत. दुसऱ्या नळीत तेवढंच स्टँडर्ड साफसफाई झाल्यानंतरच्या अर्कात घाला, एकाग्रता जुळवून. पहिलीत कार्बेन्डाझिम कमी आणि दुसरीत ठीक असेल तर अर्क काढताना किंवा नळीत नुकसान झालंय. दोन्हींत कमी असेल तर तो मॅट्रिक्सचा दाब आहे, म्हणजे पानातलेच इतर घटक मशीनवरचा सिग्नल दाबतात, नळी बदलून उपयोग नाही. पहिलीत टेब्युकोनाझोल ठीक आणि कार्बेन्डाझिम, थायबेन्डाझोल पडलेले असले की गुन्हेगार कार्बनच. युरोपच्या अवशेष-तपासणीच्या सॅन्टे मार्गदर्शिकेप्रमाणे रिकव्हरी ७० ते १२० टक्के आणि पुनरावृत्तीतला फरक २० टक्क्यांच्या आत हवा. रोजच्या कामात जीसीबी वापरणारच असाल तर अर्कात अँथ्रासीन घाला. तेही सपाट आहे, त्यामुळे ते ७० टक्क्यांच्या वर टिकलं तर कार्बेन्डाझिमही टिकलं असं मानता येतं. हातात ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजनने खूण केलेलं) कार्बेन्डाझिम असेल तर सुरुवातीलाच घालावं. एक बारीक गोष्ट: कार्बेन्डाझिम ॲसिटोनायट्राइलमध्ये कमी विरघळतं. मिलिलिटरला १००० मायक्रोग्रॅमचं स्टॉक (मूळ द्रावण) करायला गेलात तर तळाशी पांढरे कण राहतात आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. १०० मायक्रोग्रॅमचं करा.

अर्क हिरवा ठेवल्यावर मशीनचं काय, हा प्रश्न रास्त आहे. एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे घटक द्रवात वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मशीनवर, उत्तर सोपं आहे: पातळ करा. अर्काच्या एका मिलिलिटरमध्ये ०.२ ग्रॅम पान असतं. ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही पातळी अर्कात २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, पाचपट पातळ केल्यावर ०.४. अशा आजच्या चांगल्या मशीनवर (ट्रिपल क्वाड) कार्बेन्डाझिमचं १९२ वरून १६० आणि १९२ वरून १३२ हे दोन्ही संक्रमण (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांच्या वस्तुमानांची जोडी) तिथे दिसायला हवेत. हरितद्रव्य स्तंभातून उशिरा उतरतं, तेव्हा व्हॉल्व्ह वळवून ते कचऱ्यात सोडायचं. जीसीवर, म्हणजे घटक वायुरूपात वेगळे करणाऱ्या मशीनवर, मात्र हिरवा अर्क लायनर (आतली काचेची नळी) घाण करतो आणि गवती चहातलं सिट्रल, तुळशीतलं युजेनॉल, पुदिन्यातलं सुगंधी तेल सुरुवातीच्या मिनिटांत गर्दी करतं. जीसीसाठी वेगळी नळी आणि वेगळा अर्क, हाच सरळ मार्ग. कॅलिब्रेशन त्याच पानाच्या ब्लँकमध्ये, म्हणजे अवशेषमुक्त पानाच्या अर्कात, करावं. तुळशीचा ब्लँक गवती चहाला चालवून घेऊ नये.

जीसीचाच आणखी एक धोका. फोल्पेट गरम इनलेटमध्ये तुटून थॅलिमाइड होतं आणि युरोपात दोघांची बेरीज फोल्पेट म्हणून मोजतात. पण पानं वाळवताना उष्णतेत थॅलिमाइड दुसऱ्या वाटेनेही बनू शकतं. मूळ फोल्पेट दिसत नसताना नुसत्या थॅलिमाइडवरून शेतकऱ्याला दोषी धरू नये.

अंबाडीची बोंडं आली की पाकिटही अडखळतं. ती इतकी आंबट असतात की सायट्रेट बफर पुरा पडत नाही. पाणी घातल्यावर पीएच पाहा, पाच नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, मगच पाकीट ओता.

मॅन्कोझेबसाठी किट कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. डायथायोकार्बामेट गटातली औषधं ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाहीत. त्यांना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बंद बाटलीत ८० अंशांवर सुमारे दोन तास तापवून कार्बन डायसल्फाइड करायचं आणि ते आयसोऑक्टेनमध्ये घेऊन जीसी-एमएसवर ७६ या वस्तुमानावर मोजायचं. या चाचणीचा नमुना बारीक दळू नये, दळताना ही औषधं तुटतात. वेगळा, जाडसर कातरलेला भाग आधीच काढून ठेवावा. रबरी बूच आणि हातमोजे खोटा कार्बन डायसल्फाइड देऊ शकतात. शेवग्याच्या पाल्यात कोबी-मोहरीप्रमाणे ग्लुकोसिनोलेट असतात, तिथे लहान आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नक्की न फवारलेला पाला समांतर चालवावा. फोसेटिल या बुरशीनाशकाचा अवशेष असलेलं फॉस्फोनिक ॲसिडही किटमध्ये उतरत नाही, त्याला पाण्यात सहज विरघळणाऱ्या औषधांसाठीची क्यूपीपे पद्धत लागते.

मुंबईच्या पावसाळ्याचा किटला मोठा त्रास होतो. जून ते सप्टेंबर निर्जल मॅग्नेशियम सल्फेट हवेतली ओल ओढतं, गठ्ठे होतात आणि मग अर्कातलं पाणी पूर्ण सुटत नाही. त्यामुळे इथे मोठ्या डब्यातलं सुटं मीठ स्वस्त असलं तरी एकेकटी फॉइल पाकिटं घ्यावीत. पाकीट चोळून पाहा: वाळूसारखं सरकलं पाहिजे, खडे लागले तर बाजूला ठेवा. पानंही ओल धरतात, म्हणून नमुना फॉइलच्या पिशवीत मागवा आणि त्याच दिवशी ओलावा मोजून अहवालात लिहा. ताज्या पुदिन्यात ८५ टक्के पाणी धरलं आणि वाळल्यावर १० टक्के, तर तेच औषध किलोमागे सहापट दिसतं. मर्यादा ताज्या पानाला लागू आहे की वाळक्याला, हे ठरल्याशिवाय ‘नापास’ लिहिणं अन्यायाचं आहे. फॉर्मवर ‘चहा’ असं मोघम लिहू नका. युरोपच्या यादीत चहाच्या झाडाची पानं आणि हर्बल काढ्यांची पानं यांचे गट वेगळे आहेत.

लॅबकडे नमुना पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने किट विकत घ्यायचं नसतं, पण विचारायचं नक्की असतं. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेने दिलेल्या स्कोपमध्ये (मान्य चाचण्यांच्या यादीत) वाळकी पानं आहेत का, की फक्त द्राक्षं आणि भाज्या? नळीत जीसीबी आहे का, असल्यास किती? कार्बेन्डाझिमची रिकव्हरी याच पानावर काढली आहे का? डायथायोकार्बामेटची चाचणी यादीत आहे की वेगळी मागवावी लागेल? शेवटच्या प्रश्नावर ‘मल्टिरेसिड्यूमध्ये (अनेक औषधं एकत्र शोधणाऱ्या चाचणीत) येतं’ असं उत्तर मिळालं तर दुसरी लॅब पाहा.

खरेदीचं गणित: सायट्रेटची फॉइल पाकिटं ५० चा खोका, जीसीबी नसलेल्या नळ्या तेवढ्याच आणि २.५ मिलिग्रॅमच्या थोड्या. प्रत्येक नव्या लॉटमधलं एक पाकीट आणि एक नळी नुसत्या पाण्यावर चालवून त्याचा क्रोमॅटोग्राम (मशीनचा आलेख) लॉट नंबरासकट फाइलला लावावा.