सशाची कुरतड आणि गवती चटई : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या चिंगीने पडद्याची खालची कड, दोन चादरी आणि सोफ्याच्या कव्हरचा एक कोपरा कुरतडला, तेव्हा मला कापडापेक्षा तिच्या पोटाची धास्ती होती. सशाला उलटी करता येत नाही. गिळलेली चिंधी किंवा लांब दोरा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. त्यामुळे कुरतडलेलं कापड सापडलं की मी ते जमिनीवर पसरते आणि तुकडे भोकाला लावून बघते. सगळे जुळले तर तिने नुसतं फाडलंय. तुकडे गायब असतील तर दिवसभर लेंड्यांवर डोळा. लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या किंवा तिने खाणं सोडलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. दहा-बारा तास उपाशी राहणंही सशाला धोक्याचं असतं.

आधी कडू चवीचा फवारा आणला होता. पडद्यावर चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी ती त्याच जागी होती. सशांना कडवट पाला आवडतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. फवारा पुन्हा घेणार नाही.

मग समुद्री गवताची विणलेली चटई घेतली. रंग नाही, गोंद नाही, आत तार नाही, एवढं बघून घेतलेली. सुरुवातीला पिंजऱ्यात टाकली तर चिंगीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहाटे आणि संध्याकाळी ती ज्या कोपऱ्यात पडदा ओढायची, नेमकी तिथे चटई अंथरली आणि पडदा वर बांधून टाकला, तेव्हा फरक पडला. आधी नखांनी उकरायचं, मग कड दातात धरून ओढायचं, हा तिचा क्रम. चटईवर तिला दोन्ही करता येतं आणि गवत पोटात गेलं तरी कापडासारखी भीती नाही. एक चटई साधारण पाच-सहा आठवडे जाते. सध्या सहावी चालू आहे.

तक्रारी दोन. काड्या घरभर होतात. आणि काही चटयांची कड नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली असते. तो दोरा मी वापरण्याआधी उसवून काढते, नाहीतर ज्यासाठी चटई आणली तोच धोका परत. लघवीने भिजलेली चटई मी वाळवून ठेवत नाही, बुरशीच्या भीतीने टाकून देते.

सगळं श्रेय चटईला देणं मात्र खरं नाही. चौथ्या महिन्यात चिंगी छातीचे केस उपटून, तोंडात चिंध्या धरून कोपऱ्यात साठवायला लागली. डॉक्टर म्हणाले, गर्भ नसताना घरटं करतेय, हा खोट्या गरोदरपणाचा प्रकार आहे. नसबंदीनंतर काही आठवड्यांत ते बंद झालं. मादी असेल आणि शस्त्रक्रिया झाली नसेल, तर चटईआधी डॉक्टरांशी बोला, असं मी कळकळीने सांगेन.

शिवाय चटई म्हणजे खाणं नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर. दाढा झिजतात त्या सुकं गवत चघळून. ते तिच्यासमोर चोवीस तास असतं. संडासाच्या ट्रेला लागूनच ठेवलंय, कारण बसल्या बसल्या खायची तिची सवय आहे.

रागावणं मी पूर्ण सोडलं. ओरडलं की ती पलंगाखाली जायची आणि तिथे गादीचं अस्तर कुरतडायची. पलंगावरची गोधडी मात्र अजूनही लोंबती ठेवता येत नाही. ती रोज चारही बाजूंनी आत खोचावी लागते.