खुराड्याचं आपोआप उघडणारं दार: नऊ महिन्यांनंतर

सात कोंबड्या आणि पहाटे उठायचा कंटाळा, एवढ्या भांडवलावर मी खुराड्याला हे दार बसवलं. घेण्याआधी वाचलेले बहुतेक अनुभव पहिल्या आठवड्यातले होते, ‘मस्त चालतंय, कोंबड्या खूश’ छापाचे. पहिल्या आठवड्यात माझंही मस्तच चाललं होतं.

रचना साधी आहे. पत्र्याची झडप दोन खाचांमधून वर-खाली सरकते, मोटर सेलवर चालते. वेळ लावून ठेवा, नाहीतर उजेडाच्या सेन्सरवर सोडा. दिवस लहान-मोठा होत गेला की घड्याळ कोण बदलत बसणार, म्हणून मी सेन्सरवर सोडलं. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे दिवेलागणीला त्या न बोलावता आत जाऊन दांडीवर बसतात आणि मागून झडप पडते. निदान पडायला हवी.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि दाराला वाटलं, झाली रात्र. चार आत, तीन बाहेर. ते एक वेळ चालून गेलं असतं. पण निरभ्र संध्याकाळीही मधूनमधून एक कोंबडी बाहेर राहायची, आणि दर वेळी तीच, ठिपकी. मी तिला मंद ठरवून मोकळा झालो होतो.

मग एकदा स्टूल टाकून समोर बसलो. काळी सगळ्यात आधी आत गेली आणि दांडीच्या दाराकडच्या टोकाला बसली. बाकीच्या तिच्या समोरून गपगुमान सरकल्या. ठिपकीने डोकं आत घातलं की काळी वरून एक टोला हाणायची. ठिपकी मागे, अंगण खरवडल्याचं सोंग, पुन्हा पुढे, पुन्हा टोला. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मोटरची घरघर सुरू झाली आणि ती मान वाकडी करून खाली येणाऱ्या झडपेकडे बघत राहिली. कळपात कोण कोणाला चोच मारणार याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी १९२१ सालीच मांडलं होतं. माझ्या दाराला त्याचा पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

चूक दाराची कमी, माझी जास्त. दांडी साडेचार फुटांची. एका कोंबडीला बसायला आठ ते दहा इंच लागतात, म्हणजे सात जणींना ती पुरणारच नव्हती. दुसरी दांडी टाकली, तीही आधी खालच्या अंगाला. तिच्यावर कोणी ढुंकून बघेना, कारण सगळ्यांना उंचावरच बसायचं असतं. मग पहिलीच्याच उंचीवर, दारापासून लांब बसवली, आणि झडप पडायला अर्धा तास उशीर लावला. तेव्हापासून ठिपकी एकदाच बाहेर राहिली.

सकाळची बाजू निराळी. सेन्सर उजाडल्या उजाडल्या दार उघडायचा आणि मंडळी थेट कुंपणाच्या झुडपात. खोक्यात अंडी कमी का, म्हणून शोधत गेलो तर पानांखाली अकरा अंडी. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारच्या आत घालतात, म्हणून उघडण्यापुरता सेन्सर बंद करून उशिराची वेळ लावली. खोकं भरायला लागलं. पण एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे प्रत्येकीची वेळ रोज थोडी पुढे सरकत जाते आणि मग एखादा दिवस सुट्टी. ती दुपारची उशिराची अंडी अजून झुडपातच सापडतात. दार फार वेळ बंद ठेवायचाही मोह नको. एकदा आतलं पाणी संपलं होतं, तर उघडेपर्यंत एकमेकींची पिसं उपटून झाली होती.

आता खरी तक्रार. खाचांमध्ये भुसा आणि पिसांची धूळ साचते. पाचव्या महिन्यात झडप चार बोटं वरच अडकली, आणि चार बोटं मुंगसाला पुष्कळ झाली. नशिबाने मला आवाज वेगळा वाटला. मी तेल घातलं, ते तर आणखी वाईट, धूळ चिकटून लगदा झाला. विक्रेत्याकडून ‘कोरड्या कापडाने पुसावे’ एवढंच उत्तर आलं. पुसायला म्हणून पट्टी स्क्रू काढून सोडवली, तर मागे राखेसारखी भुकटी, आणि भुकटी चालत होती! रक्त पिणारे बारीक किडे. दिवसा ते फटीत दडतात, रात्री कोंबड्यांवर चढतात, आणि पोट भरलं की लाल दिसतात. दाराने त्यांना दोन सरळसोट फटी आयत्या दिल्या होत्या. आता दर पंधरा दिवसांनी पट्टी काढून ब्रशने घासतो. ती स्क्रूऐवजी खटक्याने निघाली असती तर मी एक तारा जास्त दिला असता.

सेल मात्र अजून पहिलेच आहेत. पुन्हा घेईन का? घेईन, सकाळच्या झोपेसाठी. संध्याकाळी मी अजूनही टॉर्च घेऊन जातो आणि फटीतून शेपट्या मोजतो. काल सहाच भरल्या. झुडूप पाहिलं, कुंपण पाहिलं, शेवटी खोक्यात हात घातला. काळी तिथे दुप्पट फुगून बसली होती, खुडूक, आणि या वेळी टोला मला बसला.