सिमको तलावातला स्मॉलमाउथ: वरून की तळातून?

टोरोंटोच्या उत्तरेला असलेल्या सिमको तलावात जुलै-ऑगस्टमध्ये स्मॉलमाउथ बास हा मासा धरायचे दोन मार्ग आहेत. पहिला टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं आमिष. उजाडताना, वारा पडलेला असताना उथळ खडकाळ भागात ते टाकायचं. मासा पाणी फोडून वर उसळतो तेव्हा काळजाचा ठोका चुकतो! पण हे चालतं तासभर. ऊन चढलं की संपलं.

दुसरा ड्रॉप शॉट. दोराच्या टोकाला शिसं, त्याच्या वर वीत-दीड वीत गळ, गळाला बोटाएवढं रबरी आमिष. झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून काचेसारखं केलंय, त्यामुळे जाड दोर माशाला दिसतो. सहा ते आठ पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारा, बारीक दोरच घ्या. वीस-तीस फूट खोलीवर, खडक संपून वाळू सुरू होते तिथे सोडा. राउंड गोबी हा छोटा मासा, स्मॉलमाउथचं आवडतं खाणं, तळाशीच असतो, म्हणून आमिष तपकिरी-हिरवट हवं आणि जवळजवळ स्थिर.

दिवसभराच्या सहलीसाठी मी ड्रॉप शॉटच निवडेन. मात्र तीस फुटांहून खोल नको: झपाट्याने वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडलेला मासाही मरू शकतो.