पांगाऱ्याचे खुंट : खांब म्हणून पक्के, भिंत म्हणून बेताचे

जिवंत कुंपणासाठी पांगारा दोन रूपांत मिळतो. एक पिशवीतलं रोप, दुसरं म्हणजे फांदी तोडून केलेला दीड-दोन मीटरचा खुंट. कुंपण लवकर उभं करायचं असेल तर खुंटच घ्यावेत. मात्र पांगाऱ्याचे खांब उत्तम होतात, भिंत होत नाही, हे धरूनच चालावं. फुटवा येतो तो कापलेल्या टोकाजवळ. खालचं मीटरभर खोड उघडंच राहतं. काटे असले तरी दोन खुंटांमधून शेळी आरामात आत शिरते, वर कोवळा पालाही खाते.

खुंट मनगटाएवढे जाड हवेत, साधारण 5 ते 8 सेंमी. बोटाएवढ्या कोवळ्या फांद्यांचे गठ्ठे कोणी देऊ केले तर सरळ नाही म्हणावं. त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो, मुळं फुटायच्या आतच त्या वाळतात. नखाने साल खरवडून पाहावी, आत हिरवी आणि ओलसर लागली पाहिजे. टोकाशी साल सोललेली किंवा काळी पडलेली असेल तर तो खुंट बाजूला काढावा. पानगळ झाल्यावर, नवी पालवी येण्याआधी तोडलेले खुंट सर्वांत खात्रीचे, पण ते लावून पावसापर्यंत पाणी घालावं लागतं. पाण्याची सोय नसेल तर पावसाच्या तोंडावर पाला उतरवलेले खुंट घ्यावेत. आणल्या आणल्या पुरू नयेत. एक-दोन दिवस सावलीत उभे ठेवले की काप सुकतो आणि कुजण्याचं प्रमाण घटतं.

बहुतेक खुंट लावतानाच वाया जातात. हातोड्याने ठोकला की बुडाची साल फाटते आणि तिथूनच कूज सुरू होते. पहारीने 40 ते 45 सेंमी खोल खड्डा करावा, खुंट सोडावा आणि माती थोडी थोडी घालत घट्ट चोपावी. वरचा काप तिरका ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. पानं नसलेला खुंट उलटा लावला जाण्याची भीती असते. डोळा नेहमी गळलेल्या पानाच्या खुणेच्या वर असतो, त्यावरून शेंडा ओळखावा. अंतर अर्धा ते एक मीटर. पाणी तुंबणाऱ्या जागी मात्र पांगारा लावूच नये.

थोड्याच दिवसांत हिरवे कोंब दिसले की कुंपण लागलं असं वाटतं. तसं नसतं. हे कोंब खुंटातल्या साठ्यावर येतात, मुळं मागाहून धरतात. या काळात खुंट हलला की नवी मुळं तुटतात आणि कोंब माना टाकतात. म्हणून पहिल्या वर्षी त्याला तार ताणू नये, जनावरं बांधू नयेत, छाटणीही नको.

दुसऱ्या वर्षापासून दीड मीटरवर छाटावं. वेळ फुलं ओसरल्यावरची. हिवाळ्यात छाटलं तर फुलणाऱ्या फांद्याच जातात, आणि लाल फुलांवर येणाऱ्या मैना-बुलबुलांचा गोंगाट बुडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड निष्पर्ण असतं, त्यामुळे आडोशासाठी लावणाऱ्यांची निराशा ठरलेली. खालच्या मोकळ्या जागेत निर्गुडी किंवा करवंद लावलं तरच कुंपण पुरं होतं. निर्गुडी जनावरं सहसा खात नाहीत, करवंदाला काटे असतात आणि पानंही वर्षभर टिकतात.

खरी डोकेदुखी गाठमाशीची. जेमतेम दीड मिलिमीटरची ही माशी कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते. पानं जाड, वेडीवाकडी होतात, देठ सुजतात. अळी गाठीच्या आत असल्याने वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. गाठी आलेले शेंडे कापून जाळावेत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. युरिया घालायचा मोह टाळावा. पांगारा मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतःच मिळवतो, आणि जादा नत्राने येणारी लुसलुशीत पालवी या माशीला आयतीच मिळते.

लाकूड मऊ आणि ठिसूळ असतं, तेव्हा विजेच्या तारांखाली हे खुंट नकोत. बिया विषारी असतात. अंगणात लहान मुलं असतील तर शेंगा वाळायच्या आत काढून टाकाव्यात. वाऱ्याच्या उघड्या जागी खुंटांऐवजी बियांची रोपं घ्यावीत. वाढायला वेळ लागतो, पण सोटमूळ असल्याने ती सहजी उन्मळत नाहीत.