ओसीडीच्या अ‍ॅपने 29,999 रुपये नेले

‘ओसीडीवर घरबसल्या थेरपी, 1 रुपयात सात दिवस’ या जाहिरातीला भुलून बहिणीसाठी आम्ही 29,999 रुपये घालवले. तिला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहतात आणि तीच ती कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय राहवत नाही. 1 रुपया ट्रायलचा, मग 14,999 दोनदा. सांगायची लाज वाटते, घरात सगळे शिकलेले आहेत. पण डॉक्टरांची तारीख दीड महिन्यानंतरची, आणि ती रात्र-रात्र गॅस तपासत उभी. काय करणार होतो?

14,999 हा आकडा मुद्दाम ठेवलेला. ऑटोपेला, म्हणजे यूपीआयवरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीला, एकदा पिन दिला की 15,000 पर्यंतचे पुढचे हप्ते पिन न विचारता कापले जातात. हप्ता कापण्याच्या आदल्या दिवशीचा मेसेज जाहिरातींच्या ढिगात गेला. पहिल्या हप्त्यानंतर अ‍ॅप डिलीट केलं, तरी तीन महिन्यांनी दुसरा गेलाच. ही परवानगी, म्हणजे मॅन्डेट, यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपेमध्ये जाऊनच रद्द करायची, तीही ट्रायल घेतल्या दिवशी.

खरी जळजळ वेगळीच आहे. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर हिरवं बटण होतं, ‘खात्री करून घ्या’. दाबलं की चॅटबॉट लिहायचा, ‘हो, गॅस बंद आहे, निश्चिंत राहा.’ त्याला आमचा ओटा दिसत होता का? तिथेच कळायला हवं होतं! ईआरपीत, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन ती कृती टाळायला शिकवणाऱ्या ओसीडीच्या थेरपीत, नेमकं उलट असतं. रेग्युलेटर एकदाच बंद करायचा, स्वयंपाकघराबाहेर यायचं, भीती 0 ते 100 मध्ये लिहायची आणि परत न तपासता, कुणाला न विचारता ती सोसायची. खात्री मागणं हीच तर आजार पुन्हा पुन्हा करायला लावतो ती कृती. बटणाने क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग शंका परत येते. एका रात्रीत 43 वेळा दाबलेलं चॅटमध्ये दिसतं. अ‍ॅपचा ‘स्कोअर’ मात्र सुधारत होता, कारण तो वापरावर चालायचा. ओसीडीची तीव्रता मोजायची खरी चाचणी वाय-बॉक्स, तिचे 10 प्रश्न, 40 गुण डॉक्टरांकडून मोजून घ्या. ‘थेरपिस्ट’ला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक पैसे भरण्याआधी विचारा. आम्ही नंतर विचारला, तर चॅटच बंद.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. कंपनी म्हणाली, नो रिफंड. पोलीस ठाण्यात तीन खेपा, दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी, ‘हा फ्रॉड नाही, व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा.’ वर ‘हात धुण्याचाच आजार ना?’ हेही ऐकवलं. सबस्क्रिप्शनचा सापळा डार्क पॅटर्नविरुद्धच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्धच्या, 2023 च्या नियमांत बसतो, ते छापून नेलं होतं. कुणी उलटूनही पाहिलं नाही. तरी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, स्क्रीनशॉट ठेवा. तारीख मिळेपर्यंत बोलायला 14416 ही टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट.

मनात येणारे नको ते विचार तिने त्या चॅटमध्ये टाइप केले होते, आईलाही न सांगितलेले. ते पुसून टाका म्हणून चार मेल केले. एकाचंही उत्तर नाही.